शेवटचं पान

अमडापूरला मामांच्या घरी पोथी काढायची एक रीत आहे. आधी हातपाय धुवायचे, मग पाट मांडायचा आणि देवघराच्या फडताळातून लाल बासनातला बस्ता दोन्ही हातांनी उचलून आणायचा. या खेपेला मामांनी बस्ता एका हातानं आणला आणि ओसरीवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत ठेवला. पोथी विकायचं त्यांच्या मनात पक्कं झालंय, हे मला तिथंच कळलं.

पोथी पांडवप्रतापाची, हाती लिहिलेली. श्रीधरांचा हा ग्रंथ एके काळी गावोगाव वाचला जाई, छापील प्रत आजही बाजारात मिळते. तेव्हा मजकूर म्हणून यात दुर्मीळ काही नाही. पण आमच्या पोथीची पानं सुटी आणि आडवी आहेत, वर-खाली दोन लाकडी फळ्या आहेत. कागद हातबनावटीचा, घोटून गुळगुळीत केलेला. दोन्ही समासांना तांबड्या रेघांची जोडी. अध्याय संपतो तिथली अक्षरं हिंगुळानं लाल केलेली. लिहिणाऱ्याचा हात चुकला तिथं पिवळा हरताळ लावून अक्षर बुजवलंय आणि त्यावर बोरूनं नवं काढलंय. हरताळ फासणं आपण बोलण्यात रोज वापरतो. इथं तो फासलेला दिसतो, बोट फिरवलं तर जरासा खरखरीत लागतो. पहिल्या पानावर गणपती. पानांच्या मधे वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा वाळून चुरा झालेला पाला. ते आजीचं काम.

पोथ्यांच्या सूची करण्यात माझी बरीच वर्षं गेली. सवयीनं मी आधी तळाची फळी सरकवली. ओवी अर्ध्यातच तुटली होती.

‘मामा, शेवटचं पान कुठंय?’

‘त्यानं नेलं. नमुना म्हनून. गिऱ्हाइकाले दाखवाले.’

तो म्हणजे जुन्या वस्तू घेत गावोगाव फिरणारा एक माणूस. पितळी समया, दाराच्या कोरीव चौकटी, जुनी नाणी, काहीही घेतो. मामांच्या घरी तो दोनदा येऊन गेला होता.

‘एकच तं पान नेलं,’ मामा म्हणाले. ‘अन् तेही बिनचित्राचं. गनपतीचं मागत होता, ते म्या नाही देल्लं.’

मी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘मामा, पोथी कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली, कुठल्या गावात, कुठल्या शकात, हे सगळं शेवटच्या पानावर असतं. लिहिणारा तिथं पोथीच्याच तोंडून विनवतो की तेलापासून, पाण्यापासून, सैल गाठीपासून मला जपा. पाठ मोडून, मान वाकवून लिहिलंय, असंही सांगतो. नेमकं तेवढंच त्यानं नेलं.’

‘तुले पोथी पायजे का पत्ता?’

‘दोन्ही. पत्ता गेला की ही पोथी अमडापूरची होती हे सिद्ध कशावरून करायचं? ज्याला चोरीचा माल खपवायचाय त्यालाही आधी हेच पान नकोसं असतं.’

मामा उठून पाणी पिऊन आले. त्यांचं म्हणणं मी इथं सविस्तर देते, कारण आमच्यासारखी शिकलेली माणसं ते फार लवकर उडवून लावतात.

‘हे पाय,’ ते म्हणाले. ‘धाब्याचं घर हाये, दरसाल गळते. तुही आजी होती तोवर तिनं दर दिवाळीले नवं फडकं घातलं, पाला बदलला. आता कोन करते? पोरगा कंपनीत हाये, त्याले हे अक्षर लागत नाही. मी गेलो का तो काय करनार? पैनगंगेत नेऊन सोडनार. पुन्याचं काम म्हनून सोडनार. त्याच्यापक्षा ज्याले कदर हाये त्यानं पैसे देऊन नेलं तं कोनतं पाप झालं? पैसा देनारा मानूस वस्तू फेकत नाही.’

यातलं खोटं काय काढायचं? आपल्याकडं हाती लिहिलेल्या किती पोथ्या अशा श्रद्धेनं नदीत गेल्या. किती दप्तरं वाण्याकडं पुड्या बांधायला गेली. विकत घेणारा भेटला म्हणून वाचलेले कागदही पुष्कळ आहेत.

‘कदर आहे म्हणता,’ मी विचारलं, ‘त्यानं भाव कसा सांगितला?’

‘पानाचा.’

‘म्हणजे?’

‘गनपतीच्या पानाचे जेवढे, तेवढ्यात बाकी सारी पोथी.’

मी फोनवर त्यांना चित्रं दाखवली. जैनांच्या कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्यांची एकेक सुटी पानं जगभरच्या संग्रहालयांत आणि लिलावांत पसरली आहेत. एकच पोथी, तिचं एक पान एका देशात, दुसरं दुसऱ्याच खंडात. चित्राच्या पानाला चौकट मिळते, ते भिंतीवर चढतं. नुसत्या अक्षरांच्या पानांना गिऱ्हाईक नसतं. जुन्या लिहिलेल्या कागदावर नवी चित्रं रंगवून ती पुरातन म्हणून खपवणारेही आहेत. त्यांना कोरा जुना कागद मिळत नाही, तेव्हा असली बिनचित्राची पानंच कामी येतात.

‘म्हंजे आपल्या ओव्यांवर कोनी हत्ती-घोडे काढीन?’

‘काढू शकतो.’

मामांना हे आवडलं नाही. पण त्यांनी मुद्दा सोडला नाही. ‘असं पाय, हा मानूस खराब असंन. मंग तुमची ती चांगली मानसं काय करतात? माह्या बापानं एक बस्ता एका संस्थेले देल्ला होता. फुकट. पावती हाये माह्यापाशी. म्या एकदा पाहाले गेलो तं मले म्हने, कोनाचं पत्र आनलं? माह्याच घरची पोथी पाहाले मले पत्र लागते? अन् पुन्याचं काय झालं ते टीव्हीवर पाह्यलं होतं म्या.’

ते म्हणत होते भांडारकर संस्थेचं. १९१७ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी जमाव चालून गेला, कपाटं फुटली, पुस्तकं आणि पोथ्या जमिनीवर आल्या. माझ्यासारखीच्या पोटात आजही ते आठवून कालवतं. पण मामांनी त्यातून काढलेला अर्थ साधा होता: एका जागी सगळं गोळा केलं तर एका दुपारी सगळंच जाऊ शकतं.

मी राजवाड्यांचं नाव काढलं. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरचे कागद झटकून त्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि पुढं असे बावीस खंड झाले. लोकांच्या घरातून कागद बाहेर आले नसते तर आपल्याला आपला इतिहास बखरींपलीकडं फारसा ठाऊक नसता.

‘अन् त्यानं नेलेलं सारं परत देल्लं?’

मामांनी विचारावं आणि मी लपवावं, असं आमच्यात कधी झालेलं नाही. मी सांगितलं. राजवाड्यांना बीडच्या पाटांगणात ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती त्यांनी १९०९ साली छापली. तिची भाषा किती जुनी, प्रत किती अस्सल, यावर अभ्यासक पुढं कितीतरी वर्षं भांडले. वाद मिटवायला मूळ कागद पाहावा, शाई पाहावी, अक्षराचं वळण पाहावं, तर पोथीच हाताशी नाही. ती गहाळ झाली.

‘राजवाड्याच्या हातून?’

‘हो.’

‘मंग माह्या हातून गेली तं तू काऊन एवढी चिडते?’

हा प्रश्न मी बरोबर घेऊन परतले आणि अजून तो माझ्यापाशीच आहे. संशोधकानं नेलं की ते ज्ञानासाठी, शेतकऱ्यानं विकलं की तो लोभ, असा हिशेब आम्ही सहज मांडतो. पण गहाळ झालेल्या पोथीला ती कोणाच्या सद्हेतूनं गहाळ झाली यानं काही फरक पडत नाही.

संध्याकाळ होत आली होती. बल्लाळदेवीच्या डोंगरावर ऊन पिवळं झालं होतं. मामी चहा घेऊन आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, ‘खुर्चीवरून तं उचला तिले.’ मामांनी ऐकलं नसल्यासारखं केलं.

‘तुम्हाला चोरीची एक गोष्ट सांगते,’ मी म्हणाले. ‘तुमच्याच बाजूची आहे.’

कर्नाटकात मूडबिद्रीला जैनांच्या मठात ‘धवला’ या प्राचीन टीकाग्रंथाची ताडपत्रं होती. शतकानुशतकं त्यांचं फक्त दर्शन घ्यायचं, वाचायचं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी खटपट करून नक्कल सुरू करवली. नक्कल मूडबिद्रीबाहेर जायची नव्हती. नक्कल करणाऱ्यांत गजपती शास्त्री होते. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंच्या मदतीनं घरी गुपचूप आणखी एक प्रत केली आणि ती मोबदला घेऊन सहारनपूरला दिली. तिथं कानडी लिपीतून नागरीत उतरवताना उतरवणाऱ्यानंही गुपचूप स्वतःसाठी एक प्रत ठेवली. त्या चोरट्या प्रतीच्या प्रती होत होत आपल्या कारंज्याला पोचल्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी अशा प्रतींवरून १९३९ साली पहिला खंड छापला आणि पुढं सोळा खंड पुरे केले. नंतर मूडबिद्रीकरांनीही मन मोठं केलं आणि छापील पाठ मूळ ताडपत्रांशी ताडून पाहू दिला.

मामा हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच. ‘म्हंजे चोरानं वाचवलं. दोन चोरांनी.’

‘हो. पण त्यांनी पान हलवलं नाही, मामा. अक्षरं नेली, ताडपत्र जागेवरच राहिलं. म्हणून पुढं ताडून पाहता आलं. राजवाड्यांच्या ज्ञानेश्वरीत उलटं झालं. अक्षरं राहिली, पान गेलं.’

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तं तू फोटू काढून घे. पान मी इकतो.’

मी निरुत्तर झाले असं नाही, पण उत्तर द्यायला वेळ लागला. फोटो काढणं हेच तर आमचं काम. २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झालं, २०२५ च्या अर्थसंकल्पात एक कोटीवर हस्तलिखितांच्या नोंदणीची आणि जतनाची घोषणा झाली. फोटोत अक्षर येतं. हरताळाचा खरखरीतपणा येत नाही, घोटलेल्या कागदाच्या आतले धागे येत नाहीत, आजीच्या हळदीचं बोट कोणत्या थरावर लागलंय ते येत नाही. मी हे बोलून दाखवलं.

‘फोटू तुह्यापाशी, वाळवी माह्यापाशी,’ मामा म्हणाले. ‘तुमचं काम झालं का तुम्ही चालले. माह्या घराच्या भिंतीत पानी मुरते, त्याचा फोटू कोनी काढत नाही.’

यावर वाद घालणं मला शोभलं नसतं. पोथी घरात ठेवा असं सांगणाऱ्यानं त्या घराच्या छपराचाही विचार करायला हवा. सरकार नोंद करतं, अभ्यासक पाठ घेतात, सांभाळायचा खर्च मात्र घरधन्यावर, आणि बहुतेक वेळा घरातल्या एखाद्या बाईच्या कष्टांवर. आजी गेल्यावर या पोथीला कसर लागली. तिच्या दर दिवाळीच्या फडक्याची किंमत आम्ही कधी कुठं लिहिली?

कायद्याचं मामांनीच विचारलं. मी सांगितलं की १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. पंचाहत्तर वर्षांपेक्षा जुनं, मोलाचं हस्तलिखित त्यात येतं. अशा वस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो, आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

‘म्हंजे म्या इकली तं मले धरतीन?’

‘नाही. घरची वस्तू देशातल्या देशात विकणं म्हणजे गुन्हा नव्हे. त्या माणसानं परवाना दाखवला का?’

‘त्यानं काहीच नाही दाखवलं. म्हने, लिहापढीच्या भानगडीत नका पडू. अन् गावात कोनाले सांगू नका.’

बोलता बोलता मामाच थबकले. सारं आयुष्य गावात गेलेला माणूस. शेताचा बांध असो की लेकीचं लग्न, त्यांचा प्रत्येक व्यवहार चार माणसांत झालेला. ‘कोनाले सांगू नका,’ ते पुन्हा म्हणाले, या वेळी स्वतःशीच. ‘म्या तं खरंच नाही सांगतलं. तुह्या मामीलेही पान नेल्यावर सांगतलं.’

मीही माझ्या मनातलं सांगितलं. दोन-तीन वर्षांपूर्वी एका ओळखीच्यानं फोनवर एका पानाचा फोटो पाठवून काळ विचारला होता. मी अक्षराच्या वळणावरून अंदाज कळवला, आनंदानं कळवला. पुढं तेच पान माझ्या शब्दांसकट विक्रीला लागलेलं दिसलं. भाव माझ्या दोन ओळींनी चढवला होता. ते कुठून आलं हे मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून पान कोणाच्या घरचं हे कळल्याशिवाय मी काळ सांगत नाही. आमच्या सूचींचंही तसंच आहे. रायबहादूर हिरालालांनी १९२६ साली मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची छापली, तिच्यात कोणती पोथी कोणाकडं हे दिलंय. अभ्यासकाला ती वाट दाखवते. घेणाऱ्यालाही दाखवते.

‘तिकडं इंग्रजांच्या देशात तरी नीट ठेवतात ना?’ मामांनी विचारलं.

मी त्यांना ईजिप्तमधल्या एका जुन्या पोथीचं सांगितलं, ज्यूडासच्या नावाचं शुभवर्तमान ज्यात आहे ती. विकणाऱ्यानं इतका भाव धरला की कोणी घेईना, म्हणून ती अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ एका बँकेच्या लॉकरात सोळा वर्षं पडून राहिली. पुढं एकाच्या हाती आली, त्यानं चांगली राहील म्हणून ती फ्रीझरमध्ये ठेवली. बाहेर काढली तेव्हा पानांचा भुगा व्हायला लागला होता. तुकडे जुळवायला अभ्यासकांना वर्षं लागली. २००६ साली ती प्रसिद्ध झाली, पण जे गेलं ते गेलंच.

‘सोळा वर्सं लॉकरात,’ मामा म्हणाले. ‘अन् आमचं फडताळ खराब म्हन्ते लोक.’

अंधार पडता पडता त्यांनी त्या माणसाला फोन लावला. आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होतं. पान पुढं गेलंय, असं तो म्हणाला. कुठं? पुढं. मामांनी दोनदा विचारलं. मग फोन बंद झाला आणि पुन्हा लागला नाही.

मामा ओसरीच्या कडेला बसून राहिले. त्यांना तसं पाहवेना, म्हणून मी आमच्याच भागातलं काही सांगत राहिले. जिल्ह्यातल्या नरवेलचे वि. भि. कोलते, ज्यांनी लीळाचरित्र संपादून १९७८ साली प्रसिद्ध केलं. त्यांना महानुभाव महंतांनी विश्वासानं पोथ्या दाखवल्या आणि पुढं ग्रंथ छापला म्हणून पंथातल्याच अनेकांनी हरकत घेतली. ज्यांनी सांकेतिक लिप्यांत आपली शास्त्रं जपली, त्यांना ती चारचौघांत आलेली रुचली नाहीत. छापणं बरोबर की लपवणं, मला आजही पुरतं ठरवता येत नाही. लीळाचरित्र मी वाचलंय, ते वाचायला मिळालं याचा मला आनंद आहे, आणि ज्यांचं मन दुखावलं त्यांचं म्हणणंही मला कळतं. त्या ग्रंथाची मूळ प्रत धाडीच्या धामधुमीत गेली, मग ज्यांना लीळा तोंडपाठ होत्या त्यांच्याकडून त्या पुन्हा उतरवून घेतल्या, असं परंपरा सांगते. त्यात हिराइसा नावाची बाई होती. तिचा पाठ आजही तिच्या नावानं ओळखतात.

मामांनी मान वर केली. ‘बापू वाचाचे,’ ते म्हणाले. बापू म्हणजे त्यांचे वडील. ‘दर श्रावनात. समाप्तीले ते शेवटचं पानही वाचाचे, कोनी लिवलं, कवा लिवलं, सारं. आम्ही पोरं परसादासाठी बसून राहाचो.’

‘आठवतं?’

‘एकदम नाही आठवनार. मागून वाचत यावं लागंन.’

ते उठले. न्हाणीत जाऊन हात धुतले, पाय धुतले. मामींनी न सांगता पाट आणून मांडला आणि दिवा लावला. मामांनी खुर्चीतून पोथी दोन्ही हातांनी उचलली. मी वही उघडली.

त्यांनी चार पानं मागून सुरुवात केली. चष्मा नाकावर, बोट ओळीवर, चाल बापूंची. एक पान, दुसरं, तिसरं. चौथ्या पानाची शेवटची ओळ आली, ओवी अर्ध्यात तुटली. बोट कागदाच्या काठाशी थांबलं. आवाज थांबला नाही.

उरलेली अर्धी ओवी आली. मग इति श्री. मग लिहिणाऱ्याचं नाव आणि ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांचं. ती दोन्ही घरं आजही गावात नांदती आहेत, म्हणून नावं इथं देत नाही. मग शकाचा आकडा यायचा तिथं मामा अडले. दोनदा मागं गेले, दोनदा तिथंच अडले. आकडा वगळून पुढं गेले तेव्हा संवत्सराचं नाव आलं, महिना आला, तिथी आली.

‘वार?’ मी विचारलं. संवत्सर साठ वर्षांनी फिरून येतं. सोबत तिथी आणि वार मिळाला तर पंचांगाचं गणित मांडून शक काढता येतो.

‘थांब, तोडू नको मधात.’ त्यांनी डोळे मिटले आणि इति श्रीपासून पुन्हा धरलं. ‘…भृगुवासरे,’ ते म्हणाले. ‘भृगुवासरे. शुक्रवार. लिवलं?’

‘लिहिलं.’

‘वाचून दाखव.’

मी वाचलं. एका ठिकाणी त्यांनी मला थांबवलं, मी ऱ्हस्व लिहिलं होतं ते दीर्घ करायला लावलं, आणि मी खोडून पुन्हा लिहीपर्यंत दिव्यापाशी वाकून बघत राहिले.